कढीपत्त्यावरचं बाळंतपण

नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद. ते आठवलं की गंगापूर रोडवरच्या नर्सरीत शिरताना उगाचच ऐट येते. फुलांचं गाव आपलं, फुलपाखरं पत्ता विचारत येतील! त्या भरात एक्झोरा, पेंटास, झेंडू, सदाफुली अशी रंगीत मंडळी रिक्षात कोंबून घरी आणली. फुलपाखरं आलीही. बसली, सोंड बुडवली, उडाली. टपरीवर चहा मारून जावं तशी.

मुक्कामाला कुणी येईना.

मग एका सकाळी मागच्या दारी सासूबाई ओरडल्या, "अगं, कढीपत्त्यावर पाखरू घाण करून गेलंय बघ!" पुसायला गेले तर ती घाण चालायला लागली. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. त्याला चोच कोण लावणार? पुढे त्या पानासारख्या हिरव्यागार होतात, आणि बोट लावलं तर डोक्यामागून तांबूस शिंगं काढून असा काही उग्र वास सोडतात की हात आपोआप मागे येतो.

म्हणजे माझ्या फुलांचं कौतुक फक्त पोटापुरतं. बाळंतपणाला पान लागतं, तेही ठरावीक झाडाचं. मादी पायांनी पान चाखते, पोरांना चालणारं असेल तरच अंडं घालते. सुनेच्या हातचं आधी चाखून बघणारी माणसं मला नवी नाहीत, पण ते असो.

आठवड्यात कढीपत्त्याच्या काड्या उरल्या. "पोह्यांना काय घालू, माझं डोकं?" नर्सरीवाल्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, औषध मारा." फुलपाखरांसाठी झाडं यांनीच विकली होती! मी लिंबाचं एक रोप आणलं आणि अळ्या त्यावर हलवल्या. राणी पाकोळीला 2015 साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला आणि तिची पोरंही याच कुळावर वाढतात, हे सांगितल्यावर सासूबाईंचा आवाज जरा उतरला. राणीचं पोर असलं तर काय घ्या!

पावसाळ्यात तर खर्चच नाही. माळ्याला पैसे देऊन मी जो टाकळा उपटून टाकायचे, त्यावर छोटी पिवळी फुलपाखरं वाढतात. आता कोपऱ्यातला टाकळा तसाच राहतो, शेजारणी कुंपणावरून बघतात.

फाटकाजवळच्या रुईवर मात्र सासूबाईंचा हक्क आहे. शनिवारी मारुतीला अकरा पानांची माळ. त्याच पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात. रुईचं विष पचवून अंगात साठवतात, म्हणून पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. हे मी सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या शनिवारी चष्मा लावून एकेक पान उलटं करून बघत होत्या. माळ सात पानांची झाली.

"चालतं त्याला," म्हणाल्या आणि देवळात गेल्या.