मुसळ हातात, कुसळ डोळ्यात

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातला शुक्रवार, दुपारचे साडेबारा. वसईत किंवा वांद्र्याच्या गावठाणात कुणाच्या तरी घरी बाटली मसाला, म्हणजे तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला कुटलेला मसाला, तेलात पडतो. वास गल्लीभर होतो, तोंडाला पाणी सुटते आणि तो घोट गिळायच्या आत मनात येते, 'आज शुक्रवार ना? यांच्याकडे मटण?' मोह आणि निवाडा, दोघेही एकाच नाकपुडीतून आत आलेले. पहिल्याला आपण दारातच अडवतो, दुसऱ्याला पाट मांडून बसवतो.

खरे तर कॅथलिक नियम फार थोडे आहेत. पण अर्धवट माहिती असलेला माणूस न्यायाधीश व्हायला नेहमीच उतावीळ. या शुक्रवारांना मांस वर्ज्य करायचे ते चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून, आणि त्याला वरची मर्यादा नाही. उपवास मात्र अठरापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच, आणि बंधनकारक दिवस दोनच: राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण चालते. शिवाय दोनदा थोडेथोडके खाता येते, फक्त ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढे होता कामा नये. आजाऱ्यांना, गरोदर बायकांना सूट. मासे मांसात धरत नाहीत, म्हणून शुक्रवारी सरंगा तळून खाणारा नियमात बसतो आणि उरलेले चिकन संपवणारी गरीब बाई बसत नाही. यातला विनोद सरंगा खाणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही.

हिशेबाचेही तसेच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. म्हणून उपवासकाळापुरता चहा सोडलेले काहीजण रविवारी निवांत चहा पितात, आणि रविवारीही न पिणारे त्यांच्या कपाकडे ज्या नजरेने बघतात, तिला कुठल्याच नियमात सूट नाही.

मोहाशी वाद घालू नये, हे जुनेजाणते सांगतात. एदेन बागेत हव्वा सापाशी बोलत बसली, आणि बोलता बोलता 'फळ खाऊ नका' या मूळ आज्ञेत नसलेले 'स्पर्शही करू नका' हे पदरचे घालून गेली. हा मुद्दा भारी आहे: नियम वाढवून सांगणारा तो मोडण्याच्या किती जवळ उभा असतो! उलट रानात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा एकेका वाक्यात उत्तर दिले, तिन्ही उत्तरे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, आणि विषय संपवला. घरगुती रीत हीच: वास आला की उठावे, पाणी प्यावे, निदान खिडकी लावावी. 'एकच तुकडा' या विषयावर मनाशी चर्चा सुरू झाली की पहिला तुकडा तोंडात गेलाच समजा.

निवाड्यासाठी मात्र खिडकी नाही, तो आतच शिजतो. इथे मुसळ आठवते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात भावाच्या डोळ्यातले कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे घराची तुळई आहे. मराठी बायबलने मुसळ घेतले आणि फार बरे केले. तुळई छपरात असते, कोण बघतो? मुसळ रोज हाताला लागायचे. बाटली मसाल्यासाठी तर हवेच. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, वीसेक जिन्नस भाजायचे, मग उखळाभोवती दोघीतिघींनी आळीपाळीने घाव घालायचे. एकीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटते. कुटलेला मसाला गडद तपकिरी बाटलीत दाबून भरायचा, कारण उजेडाने रंग उडतो.

कुटताना तिखट उडते. डोके-नाक फडक्याने बांधूनही कण डोळ्यात जातोच. तेव्हा चोळायचे नाही, भरपूर पाण्याने धुवायचे. कुसळाचेही तेच. त्याच्या अंगावरचे बारीक काटे एकाच दिशेला कललेले, त्यामुळे चोळले की ते आणखी आत सरकते. काढणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, उजेड हवा आणि मुख्य म्हणजे स्वतःचे डोळे गळत असता कामा नयेत. येशूही कुसळ काढूच नका असे म्हणत नाही. त्याने फक्त क्रम सांगितला आहे: आधी आपले मुसळ, मग स्पष्ट दिसेल, मग भावाचे कुसळ. आपण पहिली पायरी गाळतो, आणि मिरचीच्याच हाताने शेजाऱ्याची पापणी उचलायला जातो.

एवढे होईस्तोवर गल्लीतला वास खाली बसलेला असतो. तोच मसाला मटणात पडतो, सुक्या बोंबलात पडतो, बटाट्याच्या रश्श्यातही पडतो. आज कशात पडला, ते त्या घरातल्या झाकणाखाली आहे.