ट्रॉलीवरची चिठ्ठी

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करताना व्यवस्थापनशास्त्रातला मॅकग्रेगर परीक्षेपुरता घोकला होता. १९६० सालची एक्स आणि वाय थिअरी. माणूस मुळात कामचुकार, असं धरून चालणारा साहेब एक्स. संधी मिळाली की माणूस जबाबदारी घेतो असं मानणारा वाय. मी अर्थातच स्वतःला वाय समजायचे!

वॉर्डची इन्चार्ज झाल्यावर एका नाइटला औषधांच्या ट्रॉलीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी दिसली: ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’ खाली पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं, ‘श्वास घेऊ का?’ आधी हसू आलं, मग लागलं.

नेतृत्वावर लिहिणारे हर्सी आणि ब्लँचर्ड सांगतात, समोरचा त्या कामात किती मुरलाय ते बघून आपली पद्धत बदला. माझं नेमकं उलटं चाललेलं. नव्या मुलीला ‘तू बघ गं’ म्हणून सलाईन लावायला एकटीला सोडायचं, आणि वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या ताईंना हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीसाठीची नोंद, लिहायला शिकवायचं.

आता मुलीच्या शेजारी उभी राहते. ताईंना विचारते, “सात नंबरचं काय करू या?” परवा त्या म्हणाल्या, “आज बरं विचारलंत!”

चिठ्ठी काढलीय. कपाटाची किल्ली मात्र अजून माझ्याच खिशात.