काल तर चालत होतं!

कॉम्प्युटर अडला की माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं निघतं: "काल तर चालत होतं!" त्यात आश्चर्य असतं, तक्रार असते आणि 'मी कशालाही हात लावलेला नाही' असा कुणी न मागितलेला खुलासाही असतो. ब्राउझरच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरं असतं, हीच गंमत. काल चालत होतं आणि हात खरंच कुणी लावला नव्हता. मधल्या वेळात ब्राउझरनेच स्वतःला हात लावून घेतला होता.

पूर्वी नवी आवृत्ती येणं हा एक प्रसंग असायचा. फायरफॉक्सला १.० पासून ४.० गाठायला नोव्हेंबर २००४ ते मार्च २०११ एवढा काळ लागला. मग कुठून वारं प्यायलं कोण जाणे, जून २०११ मध्ये ५ आली आणि वर्ष संपायच्या आत ९. क्रोम तर २००८ मध्ये आलं तेच गुपचूप अपडेट होण्याची सवय घेऊन. २०१० पासून त्याची मोठी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी यायची, सप्टेंबर २०२१ पासून चार आठवड्यांनी यायला लागली आणि ऑगस्ट २०२३ पासून मधल्या आठवड्यांतही सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. म्हणजे 'काल' आणि 'आज' यांच्यामध्ये काही बदललं असण्याची शक्यता आता रोजचीच.

तरी हे बदलतं कसं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. विंडोजवर क्रोम नवी आवृत्ती जुनीच्या जागी ठेवत नाही, तिच्या शेजारी आवृत्ती क्रमांकाच्या नावाचं वेगळं फोल्डर करून ठेवतं. तुम्ही काम करत असता जुन्या आवृत्तीत, नवी शेजारच्या खोलीत तयार होऊन बसलेली असते. ब्राउझर बंद करून उघडला की सूत्रं तिच्याकडे. तोवर वरच्या उजव्या कोपऱ्यातली खूण आधी हिरवी, मग नारिंगी आणि आठवडा उलटला की लाल होते. लाल म्हणजे बिघाड नव्हे, उधारी थकल्याची आठवण.

लिनक्सवर प्रकार जास्त गमतीचा. तिथे सिस्टिमच्याच पॅकेजमधून बसवलेला फायरफॉक्स चालू असतानाच त्याच्या पायाखालच्या फायली बदलल्या जातात. ब्राउझर आता एक प्रोग्राम राहिलेला नाही. मुख्य प्रक्रिया एक आणि टॅबांसाठी वेगळ्या अनेक, असा तो कारखाना आहे. मालक जुन्या आवृत्तीचा आणि नव्याने भरती झालेला कामगार नव्या आवृत्तीचा, असं झालं की दोघांची भाषा जुळत नाही. म्हणून उघडलेले टॅब नीट चालतात आणि नवा टॅब मात्र 'आधी ब्राउझर पुन्हा सुरू करा' म्हणून अडून बसतो. याला बिघाड म्हणणं त्या ब्राउझरवर अन्याय आहे. तो खरं तर शहाणपणाने वागतो आहे.

खरी दुखणी पुन्हा सुरू केल्यानंतरची. इथे लोक करतात काय, तर सरसकट सगळा इतिहास, कुकीज (साइटने ठेवलेल्या तुमच्या ओळखीच्या खुणा) आणि कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) पुसून टाकतात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बिघाड असतो ग्राफिक्समध्ये आणि तुम्ही पंचवीस साइटवरून लॉगआउट होऊन बसता. त्यातच पासवर्डच्या चौकटीत बरोबरची खूण राहिली आणि सिंक, म्हणजे एका खात्याची सगळी उपकरणं जुळवून ठेवण्याची सोय, चालू असेल, तर पासवर्ड या कॉम्प्युटरवरून जातात आणि त्याच खात्याच्या फोनवरूनही. एकच साइट रुसली असेल तर त्या साइटपुरत्या कुकीज आणि डेटा पुसता येतो. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारा, साइटच्या सेटिंग्जमध्ये जा, बाकीचं जग जागच्या जागी राहतं.

त्याहून मोठा गैरसमज ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याचा. अर्धा तास खर्च होतो आणि तोच आजार तसाच्या तसा परत येतो. कारण ब्राउझर निघतो, तुमचं प्रोफाइल निघत नाही. बुकमार्क, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), कॅश, सेटिंग असं सगळं ज्या फोल्डरमध्ये असतं, त्याला काढून टाकणारा प्रोग्राम मुद्दाम सांगितल्याशिवाय हात लावत नाही, आणि नवा ब्राउझर येऊन त्याच गादीवर झोपतो. ढेकूण गादीत असताना पलंग बदलून उपयोग काय?

गादीच बदलून बघायची असेल तर सोपं आहे. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत 'अबाउट', कोलन आणि 'प्रोफाइल्स' असं टाइप करून नवं प्रोफाइल करता येतं. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून नवं प्रोफाइल जोडलं की झालं. नव्या प्रोफाइलमध्ये सगळं सुरळीत चाललं, तर दोष अपडेटचा नव्हे, जुन्या सामानाचा. तिथेही चाललं नाही, तर मग सामानावर संशय घेण्यात अर्थ नाही.

सामानात पहिला आरोपी एक्स्टेन्शन. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून क्रोमची गुप्त खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शन मुळात बंद असतात, तुम्ही परवानगी दिलेली तेवढी सोडून. पान तिथे चाललं तर संशय दोघांवर, एक्स्टेन्शन किंवा त्या साइटच्या कुकीज. कुकीज पुसूनही फरक पडला नाही तर एक्स्टेन्शनांची झडती. एकेक बंद करत बसू नका. सोळा असतील तर आठ बंद करा. बिघाड गेला तर चोर त्या आठांत, नाही गेला तर उरलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. चार खेपांत चोर सापडतो. सोळा एक्स्टेन्शन कशाला लागतात हा प्रश्न वेगळा, तो चोर सापडल्यावर स्वतःला विचारावा.

एक्स्टेन्शनवाल्यांचीही बाजू आहे. त्यांच्या पायाखालची जमीन वारंवार सरकवली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन एका झटक्यात बाद झाली. क्रोमने एक्स्टेन्शनचा जुना साचा मोडीत काढून 'मॅनिफेस्ट' नावाच्या त्या साच्याची तिसरी आवृत्ती सक्तीची केली, तेव्हा जाहिराती अडवणाऱ्यांची पंचाईत झाली. रस्ता वाहतुकीसाठी बंद करणाऱ्याला वळसा किती पडतो ते सांगावं लागत नाही, हे या धंद्यातलं दुःख आहे.

दुसरा आरोपी ग्राफिक्स, आणि याची लक्षणं ओळखीची असतात. व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र हिरवं किंवा काळं. पान खाली सरकवताना मधले पट्टे फाटल्यासारखे दिसतात. मेनू उघडला की काळी चौकट. अशा वेळी वेबसाइटला शिव्या देऊन उपयोग नाही. ब्राउझर पान रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो आणि नव्या आवृत्तीने कामाची पद्धत जराशी बदलली की कार्ड चालवणारा जुना प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, गोंधळतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचं बटण. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. चित्र सुधारलं तर रोग कळला. पण बटण तसंच बंद ठेवून निघून जाऊ नका. व्हिडिओ उलगडण्याचा भार मग मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंगावतो आणि लॅपटॉपची बॅटरी बघता बघता उतरते. निदान झाल्यावर ड्रायव्हर कार्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा घ्या आणि बटण परत चालू करा. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून ब्राउझर उघडला की ट्रबलशूट मोडची विचारणा होते. त्यात एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन तिन्ही एकदम बाजूला ठेवले जातात. कोण दोषी हे त्यातून लगेच कळत नाही, पण दोषी या तिघांत आहे की नाही हे कळतं.

तिसरा आरोपी बहुधा दारावरचा राखणदारच निघतो. काही अँटिव्हायरस ब्राउझरच्या आत आपला कोड घुसवून पहारा करतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोम ७८ ने पान दाखवणाऱ्या प्रक्रियेत परका कोड चालवायला मनाई केली, आणि ज्यांच्याकडे असा जुना पहारेकरी होता त्यांचा प्रत्येक टॅब उघडताच कोसळू लागला. अगदी सेटिंगचं पानसुद्धा. असं सगळंच्या सगळं कोसळलं तर आधी अँटिव्हायरस अद्ययावत आहे का ते बघावं.

आणि कधीकधी अपडेट पूर्ण निर्दोष असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! ११ जानेवारी २०२२ ला फायरफॉक्स ९६ आला आणि १३ तारखेला जगभर फायरफॉक्सची पानं उघडेनाशी झाली. साहजिकच सगळ्यांचं बोट ९६ कडे. निमित्त मात्र सर्व्हरच्या बाजूला घडलं होतं. फायरफॉक्स स्वतःची आकडेवारी ज्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथे एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या भाषेची, तिसरी आवृत्ती चालू झाली. पाठवल्या जाणाऱ्या मजकुराची लांबी सांगणारी ओळ लहान रोमन अक्षरांत लिहिलेली, आणि ती शोधणारा फायरफॉक्समधला कोड मोठ्या अक्षरांसाठी हटून बसलेला. त्याला ती दिसेना, तो गोल गोल फिरत राहिला आणि नेटवर्कचं सगळं काम त्याच एका धाग्यावर चालत असल्याने बाकीची पानं रांगेत ताटकळली. लहान-मोठ्या अक्षरांवरून एवढा घोटाळा!

क्रोमचं तर त्याहून अवघड. काही नव्या गोष्टी आवृत्तीबरोबर आत येतात, पण त्यांचं बटण कंपनी दुरून दाबते, आधी थोड्या लोकांसाठी, मग वाढवत वाढवत. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकच आवृत्ती असलेल्या दोन कॉम्प्युटरांवर वागणं वेगळं असू शकतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक कार्यालयांत, जिथे पुष्कळ लोक एकाच सर्व्हरवर काम करतात तिथे, क्रोमचे टॅब कोरे पांढरे पडले. झाकलेल्या खिडकीसाठी मेहनत घेऊ नये एवढ्या साध्या हेतूचा प्रयोग होता, आणि डोळ्यांसमोरची उघडी खिडकीसुद्धा झाकलेली आहे अशी ब्राउझरची समजूत झाली. नवी आवृत्ती कुणी टाकली नव्हती. अशा वेळी 'आम्ही काहीच बदललं नाही' म्हणणारा कर्मचारी खरं बोलत असतो आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मग जुन्या आवृत्तीवरच परत जावं, हा विचार येतोच. जाता येतं, पण प्रोफाइल सोबत येत नाही. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती बुकमार्क, इतिहास वगैरेच्या डेटाबेसची रचना स्वतःच्या सोयीने बदलते आणि जुनीला ती वाचता येईलच असं नाही. मे २०१९ च्या फायरफॉक्स ६७ पासून तर जुनी आवृत्ती नव्या प्रोफाइलसमोर उभी राहिली की नवं प्रोफाइल करा किंवा बाहेर पडा, एवढेच पर्याय देते. त्यामुळे प्रोफाइलची प्रत अपडेटच्या आधी घ्यायची असते, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून. खिडकी मिटली म्हणजे ब्राउझर बंद झाला असं नाही. क्रोम पार्श्वभूमीवर चालू राहू शकतं, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये खात्री करून घ्यावी. फायरफॉक्सचे पासवर्ड हवे असतील तर 'लॉगिन्स' ही जेसन फाइल आणि 'की४' हा डेटाबेस, दोन्ही एकत्र हव्यात. एकटी फाइल म्हणजे किल्ली नसलेलं कुलूप. विंडोजवर क्रोमचे पासवर्ड त्या खात्याशीच बांधलेले असतात, फोल्डर उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं तर बाकी बरंचसं सोबत येतं, पासवर्ड मात्र मागे राहतात.

अपडेट कायमचं बंद करून टाकण्याचा मार्गही आहे, पण तो आगीतून फुफाट्यात नेतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या एका लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, सुरक्षेचं भोक सापडलं. नुसतं मुद्दाम बनवलेलं चित्र पानावर असणं पुरेसं होतं, टिचकीही मारायची गरज नव्हती, आणि त्या भोकाचा वापर आधीच सुरू झालेला होता. क्रोमने ते बुजवलं ११६ मध्ये, फायरफॉक्सने ११७.०.१ मध्ये. शिवाय या ब्राउझरांचा मूळ कोड उघडा असतो. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की चोरालाही कळतं भिंत कुठे कच्ची होती ते. ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही, त्यांच्या भिंतीचा नकाशाच वाटला गेलेला असतो. विंडोज ७ वर क्रोम वापरणाऱ्यांना तर पर्यायच उरला नाही, ते तिथे १०९ वर थांबलं. त्यांची अडचण उलटी: ब्राउझर बदलत नाही आणि साइट बदलत राहतात.

मधला रस्ता म्हणून फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती आहे. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात आणि नवी नवलाई साधारण वर्षातून एकदा. ज्यांना बटणं रोज त्याच जागी हवी असतात, त्यांनी ती जरूर बघावी. अशी माणसं जगात बहुसंख्य असावीत असा दाट संशय आहे.

बाकीच्यांनी कोपऱ्यातली खूण लाल व्हायची वाट न बघता, हातात मोकळी पाच मिनिटं असताना ती दाबावी. ऐन मीटिंगच्या आधी कधीच नाही. उघडे टॅब बहुतेक वेळा परत येतात, न आल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि टी. गुप्त खिडकीतले टॅब येत नाहीत. आणि अर्धा भरलेला फॉर्म येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा त्यातला मजकूर आधी नोटपॅडमध्ये उतरवून घ्यावा.