तुम्ही विचारलंत म्हणून: झुबोन, जुबान आणि आपला जुब्बा

“जपानीत कपड्यांचे निम्मे शब्द इंग्रजीच असतात ना? मग ते वेगळे कशाला शिकायचे?” मी जपानी शिकवते हे कळलं की हा प्रश्न येतोच.

शर्टचा शात्सु होतो, स्वेटरचा सेता होतो, हे खरंच. आपला मफलर तिथे माफुरा होतो आणि तसाच गळ्याभोवती बसतो. पण तोरेना म्हणजे ट्रेनर नव्हे, जाड स्वेटशर्ट. वानपीसु म्हणजे अखंड फ्रॉक. वायशात्सुमधला ‘वाय’ मुळात ‘व्हाइट’, तरी ऑफिसला घालायचा निळा शर्टही वायशात्सुच. शब्द बाहेरून आला, पण त्याचा अर्थ त्या घरात ठरला. ‘घालणं’ या अर्थाचं क्रियापदही त्याच घरचं. शात्सु ‘किरू’, पण कमरेखालचं सगळं, अगदी मोजे आणि बूटसुद्धा, ‘हाकु’. साडी नेसणाऱ्या, सदरा घालणाऱ्या आणि शाल पांघरणाऱ्या माणसांना हे चटकन उमगतं. इंग्रजीच्या आधाराने शिकणारे मात्र इथे अडखळतात.

आणि सगळंच इंग्रजी कुठे आहे? 1543 मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. 1549 मध्ये गोव्याहून निघालेला ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर जपानमधल्या कागोशिमाला पोचला. त्या काळातल्या ये-जा आणि व्यापारातून पोर्तुगीज शब्द जपानीत शिरले. ‘बोताँव’चं बोतान म्हणजे बटण झालं, ‘कापा’चा काप्पा म्हणजे पावसाळी अंगरखा झाला, आणि ‘जिबाँव’चं जुबान झालं. किमोनोच्या आत घालतात ते वस्त्र म्हणजे जुबान. आज कुणा जपानी माणसाला तो शब्द परका वाटत नाही, कांजीत, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या अक्षरांत लिहितात तो.

हा जिबाँव मूळचा अरबी ‘जुब्बा’. तोच आपल्याकडे जुब्बा म्हणून आला. फ्रेंचमध्ये त्याचा ‘ज्यूप’ झाला, त्यावरून ‘ज्यूपाँ’ म्हणजे परकर, आणि बहुतेक जपानी शब्दकोश झुबोन, म्हणजे विजार, त्या ज्यूपाँपासूनच आला असं सांगतात. एका अरबी अंगरख्याची ही तीन घरं. हल्ली तरुण मुलं विजारीला पान्त्सु म्हणतात, झुबोन त्यांना जुनाट वाटतो. मला मात्र तो सोडवत नाही.

म्हणून कपड्यांच्या धड्याला फळ्यावर मी आधी ‘जुब्बा’ लिहिते, मग झुबोन.