हिर्टाच्या एकुलत्या एका रस्त्यावर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, दूर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. त्यातलं मोठं हिर्टा, ज्याचं गाव १९३० मध्ये रिकामं झालं. तिथे जाणारी बोट हॅरिस बेटावरच्या लेव्हरबर्गहून सकाळी आठच्या सुमारास सुटते. सुटेलच असं मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत कोणी सांगत नाही. वारा कुठून येतोय, लाटा किती उंच आहेत हे बघून बोटवाला कळवतो. आमच्या टूरमध्ये या एका फेरीसाठी एक जादा दिवस राखून ठेवला होता आणि तो लागलाच. पहिल्या दिवशी निरोप आला, आज नाही. बोटीचं तिकीट माणशी दोनशे पौंडांच्या वर. रुपयांत गुणाकार करायचं आम्ही विमानतळावरच सोडून दिलं होतं, तरी त्या संध्याकाळी जेवताना नवरा आणि मी दोघंही गप्पच होतो. जाता आलं नाही तर पैसे परत मिळणार होते. पण इथवर येऊन हिर्टा न बघता परतायचं, हे मला सहन झालं नसतं.

लेकीने ठरवून दिलेली ही टूर सोळा आसनी मिनीबसची. गाइड आणि ड्रायव्हर एकच, जन्माने हॅरिसचा, आमच्यापेक्षा थोडा लहान. मोठ्या कोचने युरोप पाहिलेल्यांना मी मनापासून सांगेन की या बेटांवर छोट्या ग्रुपशिवाय जाऊ नका. रस्ते जेमतेम एका गाडीच्या रुंदीचे असतात. समोरून गाडी आली की कडेच्या रुंद जागेत थांबायचं, तिला वाट द्यायची आणि हात वर करायचा. आमचा गाइड जवळपास प्रत्येक गाडीतल्या माणसाला नावाने ओळखत होता. एके ठिकाणी एक आजोबा पीट कापत होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेली, वाळवून चुलीत जाळायची काळी माती. गाइडने गाडी थांबवली, आजोबांशी गेलिक भाषेत बोलला आणि आम्ही अर्धा तास तिथेच रमलो. मोठी बस त्या वळणावर उभीही राहिली नसती. ग्रुपमधलं एक जोडपं मात्र या अर्ध्या तासामुळे दिवसभर धुसफुसत होतं, कारण डिस्टिलरीतला वेळ कमी झाला.

लुईस बेटावरचे कॅलानिशचे उभे दगड भर पावसात पाहिले. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले, आणि तो दगड स्वतः तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. माझे पाय मात्र जास्त वेळ खिळले ते स्टॉर्नोवेच्या लूझ कॅसलसमोर. जेम्स मॅथेसनने १८४४ मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं आणि हा वाडा उभारला. पैसा कुठला? चीनला अफू विकून मिळवलेला. जार्डिन-मॅथेसन कंपनीचा मुंबईतला मोठा भागीदार म्हणजे जमशेटजी जीजीभॉय, आणि माळव्याची अफू जहाजात चढायची ती मुंबई बंदरात. ज्यांच्या देणगीतून जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं तेच हे जमशेटजी. माझ्या नवऱ्याचा जन्म जे. जे.मधला. ओल्या हिरवळीवर उभं राहून तो त्या वाड्याकडे बराच वेळ बघत होता. बटाट्याच्या दुष्काळात मॅथेसनने कुळांसाठी धान्य आणलं हे खरं, आणि नंतर भाडं थकलेल्या शेकडो माणसांना बोटीत बसवून कॅनडाला धाडलं हेही खरं.

लेव्हरबर्गचं नावही आपल्या ओळखीचंच निघालं. सनलाइट साबणवाला लॉर्ड लेव्हरह्यूम, ज्याची हिंदुस्थान लिव्हर आपल्याकडे घरोघरी पोचली, त्याने १९१८-१९ मध्ये लुईस आणि हॅरिस दोन्ही विकत घेतली. ऑब नावाच्या खेड्याला स्वतःचं नाव देऊन तिथे मोठं मासेमारी बंदर करायला घेतलं. १९२५ मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं. आज धक्का आहे, दुकान आहे, थोडी घरं आहेत. आणि सेंट किल्डाची बोट.

दुसऱ्या दिवशी ती सुटली. अडीच-तीन तास उघडा अटलांटिक. निम्मी बोट ओकत होती. मला लहानपणापासून लाँचची सवय, मी बाहेर रेलिंग धरून उभी राहिले. आधी सपाट क्षितिज, मग त्यावर दातांसारखे सुळके, मग अंगावर येणारे कडे. हिर्टाचा कोनाखेर कडा समुद्रातून सव्वाचारशे मीटर सरळ वर जातो. मोठी बोट धक्क्याला लागत नाही, रबरी होडीतून उतरावं लागतं. त्याआधी बॅगेत उंदीर शिरला नाही ना, हे प्रत्येकाने तपासायचं, कारण एखादी गाभण उंदरीण इथल्या लाखो पक्ष्यांची अंडी संपवू शकते. किनाऱ्यावर बेट सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेची रेंजर उभी होती. तिने काय बघायचं, कुठे जपून चालायचं ते सांगितलं आणि आम्हाला मोकळं सोडलं.

गाव म्हणजे एकच रस्ता. १८६० च्या दशकात बांधलेल्या सोळा घरांची एक वळणदार रांग, तोंड समुद्राकडे. काही घरांवर पुन्हा छप्पर चढवलंय, बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. शेवटी कोण राहत होतं त्याचं नाव कोरलेली पाटीच्या दगडाची फळी घरात ठेवलेली. मागच्या डोंगरभर दगडी कोठारं, क्लीट म्हणतात त्यांना, एका हिर्टावर बाराशेच्या वर. डोक्यावर गवताची माती, भिंतीतून वारा खेळता. त्यात पक्ष्यांचं मांस, अंडी, पिसं, पीट सुकायचं. झाड एकही नाही. गुरांपेक्षा इथला माणूस जगला तो समुद्रपक्ष्यांवर. पुरुष दोराला लोंबकळून कड्यावरून फुलमार आणि गॅनेट पकडायचे. मालकाचा खंड भरायचा तोही पिसं, तेल आणि हाताने विणलेलं कापड देऊन. रोज सकाळी याच रस्त्यावर पुरुष जमायचे आणि आज कोणतं काम करायचं ते एकत्र ठरवायचे. बाहेरून आलेले त्याला पार्लमेंट म्हणत.

२९ ऑगस्ट १९३० ला उरलेली छत्तीस माणसं हेअरबेल नावाच्या नौदलाच्या जहाजावर चढली. घराघरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची मूठभर रास ठेवून, दारं लावून. गुरं-मेंढ्या आधीच निघाल्या होत्या. कुत्री नेता येईनात म्हणून बुडवली.

मी एका पाटीसमोर उभी होते. आमच्याच ग्रुपमधली एक बाई, निवृत्त, चांगल्या स्वभावाची, मोठ्याने म्हणाली की इतकी सुंदर जागा सोडून जायचा धीरच कसा झाला यांना. तिच्या नवऱ्याने जोडलं की इथे ना मोबाइल, ना गर्दी, आपण असतो तर गेलोच नसतो. दोघं हसली, फोटो काढला आणि पुढच्या घरात शिरली.

मला राग आला. अजून आहे.

कारण हे वाक्य मी ऐकलेलं आहे. गुहागर तालुक्यात आमचं घर आहे, वर्षातले गणपतीचे दिवस सोडले तर कुलूपबंद. उरलेल्या वाडीतही तेच. पुण्या-मुंबईचे लोक गाडी थांबवून आमच्या पडवीचा फोटो काढतात आणि म्हणतात, एवढं निसर्गरम्य गाव टाकून लोक शहरात सडायला का जातात कोण जाणे. माझी थोरली आत्या पहिल्या बाळंतपणात गेली. श्रावणातली रात्र, खाडीला उधाण, तरीवाला होडी घालायला तयार नव्हता आणि पलीकडच्या काठाशिवाय डॉक्टर नव्हता. आजोबांनी त्यानंतर एकेका मुलाला मुंबईला धाडलं. आमच्या घराला कुलूप लागलं ते त्या रात्री. पुढची चाळीस वर्षं ते नुसतं अडकवायचं राहिलं होतं.

हिर्टाची गोष्टही हीच आहे आणि ती तिथल्या छोट्या संग्रहालयात नीट लिहिलेली आहे, पाच मिनिटांत वाचून होते. एकोणिसाव्या शतकात जन्मलेली बहुतेक बाळं धनुर्वाताने आठवड्याभरात जायची. १८५२ मध्ये छत्तीस जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यातले कितीतरी वाटेतच मेले. पहिल्या महायुद्धानंतर तरुण बाहेर पडू लागले. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोट नाही. आजारी माणसासाठी मदत मागायची तर लाकडाच्या तुकड्यात चिठ्ठी घालून समुद्रात सोडायची आणि ती कुठे लागते याची वाट बघायची. १९३० मध्ये मेरी गिलीज ही बाई गरोदरपणी आजारी पडली आणि ग्लासगोच्या इस्पितळात वारली. त्याच वर्षी मे महिन्यात गावाने सही करून सरकारला अर्ज दिला, आम्हाला इथून न्या. अर्ज त्यांचा. कोणी हाकललं नाही आणि सौंदर्य दिसत नव्हतं असंही नाही. त्यांना माणसं जगवायची होती. त्यातल्या काहींना मुख्य भूमीवर सरकारने नोकऱ्या दिल्या त्या जंगल खात्यात. जन्मात झाड न पाहिलेल्यांना.

आणि टुरिस्ट तेव्हाही येतच होते. १८७० च्या दशकापासून उन्हाळ्यात आगबोटी नियमित येऊ लागल्या. लोक उतरायचे, या माणसांना नवलाईने बघायचे, मोजे आणि अंडी विकत घ्यायचे, परत जायचे. त्या रस्त्यावरून चालताना हे माझ्या डोक्यातून जाईना.

परतताना बोट बोरेरी बेट आणि त्याच्या दोन सुळक्यांना वळसा घालते. साठ हजारांच्या घरात गॅनेटच्या जोड्या. कडा विष्ठेने पांढरा, आणि तो पांढरेपणा हलतो तेव्हा कळतं की हे पक्षी आहेत. सगळ्या बोटीची ओकारी थांबली. १७२७ मध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे यातल्या स्टॅक अॅन आर्मिनवर पक्षी मारायला उतरले. तेवढ्यात हिर्टावर देवीची साथ आली आणि गाव जवळजवळ साफ झालं. बोट होती, ती वल्हवायला माणसं उरली नव्हती. ते अकरा जण पुढच्या मे महिन्यापर्यंत त्या खडकावर पक्षी खाऊन जगले. मी खडकाकडे बघत होते आणि तिथे पाय ठेवायला जागा कुठे असेल तेही मला दिसत नव्हतं.

संध्याकाळी मिनीबसमध्ये मी पुढच्या सीटवर बसले आणि गाइडला सांगितलं की मला राग आलाय. तो लगेच काही बोलला नाही. मग गाडी चालवता चालवता त्याने जे सांगितलं त्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. उन्हाळ्यात बेटांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींवर कॅम्परव्हॅनवाल्यांची बुकिंग महिनोन्‌महिने आधी झालेली असतात. बेटावरच्या माणसाला अचानक मुख्य भूमीवर जायचं असलं, इस्पितळात तारीख मिळाली किंवा कोणी गेलं, तरी फेरीबोटीवर त्याच्या गाडीला जागा नसते. एखादी फेरीबोट बिघडली की दुकानातली फळी रिकामी होते. हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावर, त्या लस्केंटायरच्या जगप्रसिद्ध पांढऱ्या वाळूजवळ, घर विकायला निघालं की बाहेरचे सुट्टीसाठी घेतात. त्याच्या भाच्याला, शाळेत शिकवणाऱ्या मुलाला, भाड्याने खोली मिळत नव्हती. या किनाऱ्यावरून लोकांना दुसऱ्यांदा उठवतायत, तो म्हणाला. पहिल्यांदा एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांसाठी, तेव्हा माणसं पूर्वेकडच्या बेज नावाच्या भागातल्या खडकांवर ढकलली गेली, जिथे पुरायला पुरेशी माती नाही म्हणून प्रेतंही पश्चिमेला आणावी लागत.

मागच्या सीटवरची ती बाई हे ऐकत होती. नंतर तिने त्याला दोन-तीन चांगले प्रश्न विचारले, ते मी नोंदवते.

त्यानंतर यूइस्ट, बेनबेक्युला, एरिस्के, बॅरा सगळं झालं. बॅराला विमान ओहोटीच्या वेळी वाळूवर उतरतं, तेही पाहिलं. राहायची सोय ठीक. जेवणाबद्दल माझी तक्रार आहे. चहूकडे समुद्र आणि ताटात फ्रोझन चिप्स. इथली उत्तम कोळंबी ट्रकमध्ये बसून स्पेनला जाते, हे ऐकून कोकणातल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. एका गेस्टहाउसच्या मालकिणीने मात्र आमचं तोंड बघून दुसऱ्या दिवशी नवऱ्याने धरलेला ताजा मॅकरेल भाजून दिला, वर जादा पैसे घ्यायला तयार नाही. बांगड्याचाच भाऊ.

टूर कंपनीने अभिप्राय मागितला तेव्हा मी दोन पानं लिहिली. हिर्टावर आणखी तासभर द्या, डिस्टिलरी एक कमी करा. निघण्याआधी लोकांना सांगा की इथे कोण राहतं, कशावर जगतं, फेरीबोटीची जागा कोण अडवतं. गाइड स्थानिकच ठेवा आणि त्याला बोलू द्या, वेळापत्रकाने त्याचं तोंड बंद करू नका. उत्तर आलं, छान भाषेत, की वेळा बोटीवर अवलंबून असतात. ते मलाही माहीत आहे. पुढच्या वर्षी भाऊ-वहिनीला घेऊन जायचं ठरतंय, तेव्हा थेट त्या गाइडलाच फोन करणार आहे.