गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी वाया जाते

पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल येतं आणि बरेच जण त्यातच गोळी टाकून मोकळे होतात. माती नि कुजका पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात, मग जंतूंसाठी उरतं काय? आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी चौपदरी सुती कापडातून गाळा. मग 20 लिटरला अर्ध्या ग्रॅमची एक गोळी. ढवळून झाका, अर्धा तास हात लावू नका. नंतर क्लोरीनचा किंचित वास यायलाच हवा. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) केलीत तर फिकट पिवळा रंग. वास नसेल तर आणखी एक गोळी, पुन्हा अर्धा तास. वासाची तक्रार घरोघरी होते, पण तो उघड्यावर थोड्या वेळात उडतो. पाणी काढायला लांब दांडीचं ओगराळंच वापरा. हात बुडाला की केलेलं सगळं फुकट.