हँडल पाचवर

आमच्या एस्प्रेसो मशीनचं, कॉफीची पूड भरून फिरवून घट्ट करायचं हँडल बसवलं, की ते माझ्याकडे तोंड करून थांबायचं. वरून बघितलं तर घड्याळात सहा वाजल्यासारखं. मग ते हळूहळू उजवीकडे सरकायला लागलं. दिवाळीत साडेपाच, संक्रांतीला पाच. मी आपला रोज थोडा जास्त जोर लावत होतो आणि मनगटात ताकद आली म्हणून खूश होतो. एका सकाळी हँडलच्या कडेने तपकिरी धार लागली. अर्धी कॉफी कपात, अर्धी ओट्यावर.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "मशीन आणून द्या, तीन आठवडे लागतील." आईने मात्र ओटा पुसता पुसता निदान केलं, "रिंग गेली असेल रे. कुकरची नाही का जात?"

रिंगच गेली होती! मला उगाच त्या मशीनचा दरारा वाटायचा. शिट्टी व्हायच्या वेळी कुकरमध्ये हवेपेक्षा जेमतेम एक बार (बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) जास्त दाब असतो, इथे नऊ. पण जुनी एस्प्रेसो यंत्रं वाफेच्या जोरावरच चालायची, म्हणजे कुकरच्याच भावकीतली. १९४७च्या सुमारास मिलानच्या आकिले गाज्जा यांनी लिव्हर आणि स्प्रिंगचं यंत्र आणलं, तेव्हा दाब एवढा चढला आणि कॉफीवर ती सोनेरी साय धरू लागली. दाब चढला तरी तो अडवायला शेवटी रबराची रिंगच.

प्लग काढला, मशीन पार थंड होऊ दिलं, स्क्रू काढून जाळी उतरवली. रिंग काही निघेना. रबर कसलं, करपलेल्या भाकरीचा कडक पापुद्रा. शेवटी तिच्यात एक बारीक स्क्रू पिळला आणि पकडीने ओढला. तुकडे तुकडे होऊन बाहेर आली. मागच्या खोबणीत दोन वर्षांची कॉफी डांबरासारखी थिजलेली. रोज सकाळी ज्याचं कौतुक करत प्यायचो, ते याच्यावरून येत होतं! टूथब्रशने अर्धा तास घासलं.

हात लागलाच होता, तर क्षारही काढले. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं पाणी येतं. त्याने गिझरची कॉइल पांढरी होते, मग या बिचाऱ्या बॉयलरचं काय होत असेल? औषध घरातच होतं, ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्व. नंतर टाकीभर साधं पाणी सोडलं, तरी पहिला कप जरा आंबटच लागला. तो मी मुकाट्याने प्यायलो.

नवी रिंग मागवताना आठ मिलिमीटर की साडेआठ, यावर दोन दिवस घालवले आणि साडेआठची घेतली. ती इतकी घट्ट, की हँडल सातवरच अडून बसलं. आता वापरून वापरून साडेसहावर आलंय. आई ओट्याजवळून जाताना हटकून विचारते, "किती वाजले?"